शाळेचें दार कोणाचें?

इसवी सन १८५६ च्या जून महिन्यांत धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीनें मुंबई सरकारकडे अर्ज आला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. शाळा सरकारी आणि मुलगा सरकारचा प्रजाजन. तेव्हां अर्ज मंजूर होण्यास अडचण ती काय असावी, असें आजच्या वाचकांस वाटेल. २१ जुलै १८५६ रोजीं सरकारनें जो ठराव केला त्यांत अर्जदाराची बाजू न्यायाची आहे हें निःसंदिग्धपणें कबूल केलें. ज्या समजुतींमुळें त्यास शाळेंत बसतां येत नाहीं त्या लवकरच दूर होतील अशी आशाहि प्रदर्शित केली. आणि पुढें असें सांगितलें कीं, एका किंवा दोघाचौघां व्यक्तींकरितां युगानुयुगें चालत आलेल्या समजुतींत एकाएकीं हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेंच मोठें नुकसान होईल, सबब अर्जदाराच्या बाजूनें सरकारास मध्यें पडतां येत नाहीं. अर्जदाराची अडचण कांहीं या सरकारनें उत्पन्न केलेली नाहीं, अशी पुस्तीहि ठरावास जोडलेली होती.

हा ठराव आम्ही आज पुन्हां वाचकांपुढें ठेवीत आहों, तो जुन्या जखमेवरील खपली काढण्यासाठीं नव्हे. शाळाप्रवेशाच्या हक्काचा आपल्या इकडील दीडशेंहून अधिक वर्षांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, मुलास शिकण्याचा अधिकारच नाहीं असें उघड म्हणणारा अधिकारी त्यांत फारसा भेटत नाहीं. तत्त्व बहुधा मान्यच असतें. मूल दारांतून परत जातें तें दुसऱ्या दोन कारणांनीं. एक, या एकास आंत घेतलें तर बाकीच्यांचें नुकसान होईल, तेव्हां सर्वांच्या हिताकरितां त्यानें थांबावें. आणि दुसरें, शाळा ज्यांच्या पैशावर चालते त्यांची तशी इच्छा नाहीं. हीं दोन कारणें कायद्यानें कशीं निकालांत काढलीं, आणि निकालांत निघालीं असें वाटल्यावर तीं कोणत्या नव्या रूपानें परत आलीं, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

धारवाडच्या अर्जाच्या दोनच वर्षें आधीं, १८५४ च्या जुलैंत, चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून निघाला होता. ज्या बहुजनसमाजास स्वतःच्या बळावर शिक्षण मिळवितां येत नाहीं त्याच्याकडे सरकारनें लक्ष पुरवावें असें त्यांत म्हटलें होतें. आणि खासगी शाळांस सरकारी मदत देण्याच्या पद्धतीचा पायाहि त्याच खलित्यानें घातला. मुंबईचा ठराव कलकत्त्यास पोंचल्यावर हिंदुस्थान सरकारनें २३ जानेवारी १८५७ च्या पत्रांत मोठ्या सावधगिरीनें कळविलें कीं, मुंबई सरकारचें वर्तन बहुधा शहाणपणाचेंच असेल, परंतु बंगाल इलाख्यांतील कोणत्याहि सरकारी शाळेंत या मुलास प्रवेश नाकारला गेला नसता. शेवटीं प्रकरण लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपुढें गेलें. त्यांनीं १८५८ च्या एप्रिलमध्यें आपला अभिप्राय दिला तो असा : सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं आहेत, हें तत्त्व मुळांत योग्य असून तें सोडतां येत नाहीं, आणि त्याच्या अंमलबजावणीमुळें कांहीं विद्यार्थी शाळा सोडून गेले तरी तें सोसलें पाहिजे.

येणेंप्रमाणें पहिल्या कारणाचा निकाल लागला. परंतु मुंबई सरकारनें त्यानंतर जें धोरण जाहीर केलें त्यांत दुसऱ्या कारणास जागा करून दिली. केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस भेदभावाशिवाय खुल्या राहतील, हें त्यांत मान्य होतें. मात्र ज्या शाळांच्या खर्चांत स्थानिक वर्गणीदारांचा वांटा आहे आणि ज्यांच्या वर्गणीदारांचा विरोध आहे, त्या शाळांत कनिष्ठ मानलेल्या जातींचीं मुलें घालण्याचा सरकारचा विचार नव्हता. अशा शाळेची मदत थांबविण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे राखून ठेवला, इतकेंच. म्हणजे मुलाचा हक्क आतां शाळेच्या जमाखर्चावर ठरूं लागला. सारा रुपया सरकारी असेल तर दार उघडें. त्यांत चार आणे वर्गणीदाराचे असतील तर दार वर्गणीदाराचें.

या हिशेबास पहिलें खडसावून उत्तर दिलें तें जोतीराव फुले यांनीं. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढून आणि पुढें महारमांगांच्या मुलांसाठीं शाळा चालवून त्यांनीं सरकारच्या आधींच आपलें दार उघडलें होतें. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्यांत, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही मागणी आहे. पण आमच्या मतें त्या निवेदनाचें खरें मर्म त्याच्या जमाखर्चांत आहे. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतांत घाम गाळणाऱ्या रयतेकडून येतो, आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हें त्यांनीं कमिशनच्या नजरेस आणून दिलें. सरकारी मदत म्हणून जो पैसा शाळेंत येतो तो सरकारच्या घरचा नसून दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या बापाचा आहे, हा त्याचा अर्थ. एकदां हें मान्य केलें कीं वर्गणीदाराची सबब लंगडी पडते. कारण बाहेरचा मुलगा, न मोजलेला का होईना, पण वर्गणीदारच ठरतो.

हंटर कमिशननें १८५४ पासूनचें तत्त्व पुन्हां मान्य केलें, पण त्याचा अंमल बेताबेतानें करावा असें सुचविलें, आणि जेथें जरूर तेथें अस्पृश्यांसाठीं वेगळ्या शाळा काढाव्या अशी शिफारस केली. कमिशनची भीति निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या ठिकाणीं अस्पृश्य मुलांस सर्वांच्या शाळेंत घेण्याचा प्रयत्न झाला तेथें इतरांनीं आपलीं मुलें काढून नेलीं, असे प्रसंग खरोखरच घडले होते. प्रश्न इतकाच कीं, त्या दुराग्रहाचा भार कोणी वाहावयाचा? कमिशनच्या उत्तरानें तो पुन्हां मुलाच्याच डोक्यावर राहिला.

आणि दार उघडलें तरी आंत काय वाटून ठेवलें होतें तें साताऱ्याच्या एका विद्यार्थ्यानें पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर यांचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर दाखल झालें. वर्गांत त्यांस वेगळें बसावें लागे. बसावयाचें गोणपाट घरून आणावें व घरीं न्यावें लागे. आणि तहान लागली तरी शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी पितां येत नसे. शाळा सरकारी होती, दार कायद्यानें उघडें होतें, आणि नांवहि पटावर होतें. डायरेक्टरांच्या अभिप्रायास बेचाळीस वर्षें लोटल्यानंतरची ही स्थिति आहे.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत तीन प्रयत्न झाले ते येथें नमूद केले पाहिजेत. १६ मार्च १९११ रोजीं नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें. तें सर्वत्र एकदम लागू करावयाचें नव्हतें, तर जेथें शाळेंत जाणाऱ्या मुलांचें प्रमाण आधींच बऱ्यापैकीं आहे अशाच भागांत स्थानिक संस्थांच्या इच्छेनें लागू व्हावयाचें होतें. तरीहि १९१२ च्या मार्चमध्यें तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं नामंजूर झालें. जें ब्रिटिश सरकारास जड वाटलें तें कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत करून दाखविलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्याच शाळेंत घ्यावें असा हुकूम काढला. तिसरा प्रयत्न मुंबई कायदेकौन्सिलांतील. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव तेथें मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे आणि धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या चवदार तळ्यावरील १९२७ च्या सत्याग्रहास याच ठरावाचा आधार होता, हें वाचकांस ठाऊकच आहे. ज्या ठरावाच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्याच्या शाळांची गत याहून निराळी असण्याचें कारण नव्हतें. ठराव ही सरकारची इच्छा असते. ज्याचा भंग झाला असतां मुलास कोर्टांत उभें राहतां येतें असा हक्क ती नव्हे.

तो हक्क २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आला. राज्यघटनेच्या मसुदासमितीचे अध्यक्ष साताऱ्याच्या शाळेंत गोणपाटावर बसलेले तेच गृहस्थ होते. घटनेच्या २९ व्या कलमाचा दुसरा भाग आम्ही १८५८ च्या मुंबई सरकारच्या धोरणाशेजारीं ठेवून वाचला, तेव्हां त्यांतील एका शब्दाचें महत्त्व आमच्या ध्यानांत आलें. राज्य जी शिक्षणसंस्था चालवितें, अथवा राज्याच्या निधींतून जिला मदत मिळते, अशा कोणत्याहि संस्थेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणांवरून कोणाहि नागरिकास प्रवेश नाकारतां येणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. यांतील ‘अथवा’ नें जुना जमाखर्च उलटा केला. पूर्वी वर्गणीदाराच्या चार आण्यांनीं सरकारी शाळेचें दार बंद होत असे. आतां सरकारच्या चार आण्यांनीं खासगी शाळेचें दार उघडूं लागलें. जोतीरावांच्या हिशेबास घटनेनें अशी मान्यता दिली.

हें कलम दुधारी आहे याचा अनुभव लगेच आला. मद्रास सरकारनें वैद्यक व एंजिनियरिंग कॉलेजांतील जागा जातवार वांटल्या होत्या. दर चौदा जागांपैकीं ब्राह्मणांस दोन, अस्पृश्यांस दोन, ब्राह्मणेतर हिंदूंस सहा, याप्रमाणें. चंपकम दोराईराजन यांच्या फिर्यादींत सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं २९ व्या कलमाच्याच आधारें ही वांटणी रद्द केली. ज्या कलमानें दार उघडलें त्याच्याच योगानें, दाराबाहेर पिढ्यान् पिढ्या उभे असलेल्यांसाठीं राखलेली जागा गेली. म्हणून त्याच वर्षीं पहिली घटनादुरुस्ती होऊन १५ व्या कलमांत मागासलेल्या वर्गांसाठीं विशेष तरतूद करण्याची मोकळीक राज्यास देण्यांत आली. दार सर्वांस सारखें उघडें ठेवणें हें एक काम, आणि ज्यांची पावलें दारापर्यंत पोंचलींच नाहींत त्यांस तेथें आणणें हें दुसरें. दोहोंसाठीं कायद्याचीं वाक्यें वेगळीं लागतात.

आतां धारवाडच्या ठरावांतील पहिलें कारण, म्हणजे सद्धेतु, नव्या घटनेखालीं कसें टिकलें तें पाहूं. नाशिकजवळ देवळालीस बार्न्स हायस्कूल ही इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. त्या वेळीं ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही संस्था चालवीत असून तिला सरकारी मदत मिळत असे. ६ जानेवारी १९५४ रोजीं मुंबई सरकारनें असा हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांस यापुढें घेऊं नये. हेतु वाईट नव्हता. मुलांनीं आपल्या भाषेंतून शिकावें आणि देशी भाषांची वाढ व्हावी, हा तो हेतु. आमच्यासारख्या मराठीच्या अभिमान्यांस तो गोडच वाटणार. तथापि उच्च न्यायालयानें फेब्रुवारींत हा हुकूम घटनाविरुद्ध ठरविला, आणि २६ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. न्यायमूर्ति सुधिरंजन दास यांच्या निकालपत्राचें सार असें कीं, हुकुमाचा हेतु काय हें पाहावयाचें नसून मुलास नाकारण्याचें प्रत्यक्ष कारण काय हें पाहावयाचें. हेतु भाषेच्या अभिवृद्धीचा असेल, पण मुलगा परत जातो तो केवळ त्याची भाषा इंग्रजी नाहीं म्हणून. आणि हेंच कारण २९ वें कलम मना करतें. धारवाडच्या ठरावास अठ्ठ्याण्णव वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर आहे असें आम्ही समजतों. सर्वांच्या हिताचा हेतु एका मुलास दाराबाहेर ठेवण्यास पुरेसा नाहीं.

राहिल्या त्या सरकारी मदत मुळींच न घेणाऱ्या शाळा. जात विचारण्याची तेथें गरज नसते, फी पुरते. घटनेच्या ४५ व्या कलमांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण दहा वर्षांच्या आंत देण्याचा प्रयत्न करावा असें सांगितलें होतें, पण तें मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळें १९६० सालीं मुदत सरली तरी त्यावर कोर्टांत दाद मागतां येत नव्हती. ही कोंडी फुटण्यास निमित्त झालें तें एका वैद्यकीय कॉलेजच्या फीचें. उत्तर प्रदेशांतील मोहिनी जैन या विद्यार्थिनीस कर्नाटकांतील टुमकूर येथील खासगी कॉलेजांत वर्षास साठ हजार रुपये मागण्यांत आले. सरकारी जागेवरील विद्यार्थ्यास तीच फी दोन हजार होती. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षण हा हक्क असल्याचें सांगून अशी वसुली बेकायदा ठरविली. पुढच्याच वर्षीं उन्नीकृष्णन खटल्यांत न्यायालयानें त्या निर्णयास आवर घातला आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंतचें शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असें निश्चित केलें. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनें २१-अ हें कलम घटनेंत आलें, आणि त्यास अनुसरून केलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला. जोतीरावांच्या मागणीस तोंवर सव्वाशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

या कायद्याचें १२ वें कलम प्रथमच विनाअनुदान शाळेच्या दाराशीं गेलें. पहिल्या इयत्तेंतील निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्याव्या, आणि त्यांचा खर्च सरकारनें ठराविक दरानें शाळेस भरून द्यावा, अशी ती तरतूद आहे. शाळाचालक न्यायालयांत गेले. आमचा पैसा, आमची शाळा, मग सरकारचें कर्तव्य आमच्या गळ्यांत कां, असा त्यांचा सवाल होता, आणि तो पोरकट नव्हता. १२ एप्रिल २०१२ च्या निकालांत तिघांपैकीं एका न्यायमूर्तींस तो पटलाहि. बाकीच्या दोघांनीं मात्र तरतूद उचलून धरली. फक्त अल्पसंख्याकांच्या विनाअनुदान शाळांस त्यांतून वगळलें. २०१४ सालीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ही सूट अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांसहि दिली.

इतकें झाल्यावर गोष्ट संपली असें वाटावें, तों ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र सरकारनें आपल्या नियमांत दुरुस्ती केली. ज्या विनाअनुदान शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर पंचवीस टक्क्यांचें बंधन राहणार नाहीं, अशी ती दुरुस्ती होती. शहरांत अशी शाळा जवळपास नाहीं असें ठिकाण सांपडणें कठीण. तेव्हां दुरुस्तीचा परिणाम उघड होता. तत्त्व येथेंहि कोणी नाकारलें नव्हतें. मुलास शिकण्याचा हक्क आहेच. पण तो पलीकडच्या गल्लींतील शाळेंत आहे, इतकेंच म्हणणें होतें. मुंबई उच्च न्यायालयानें मे महिन्यांत दुरुस्तीस स्थगिति दिली आणि १९ जुलै २०२४ रोजीं ती मूळ कायद्यास व घटनेस विरोधी म्हणून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेंहि ऑगस्टमध्यें या निकालांत हात घालण्याचें नाकारलें.

या तारखा जरा शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या. धारवाडच्या अर्जापासून लंडनच्या अभिप्रायापर्यंत बावीस महिने लागले. देवळालीच्या प्रकरणांत हुकुमापासून शेवटच्या निकालापर्यंत पांच महिनेहि लागले नाहींत, आणि जूनची शाळा उघडण्याआधीं प्रश्न मिटला. २०२४ सालीं निकाल लागला तो पांच महिन्यांनंतर, शाळा सुरू होऊन गेल्यावर. मोठ्या माणसाचा जमिनीचा दावा दहा वर्षें चालला तरी जमीन जागच्या जागीं असते. सहा वर्षांचें मूल जागच्या जागीं राहत नाहीं. त्याचा हक्क मान्य झाला पण वर्ष गेलें, तर त्यास मिळालें तें धारवाडच्या अर्जदारास मिळालें तेंच : बाजू न्यायाची आहे असा कागद.

म्हणून आमचें सांगणें साधें आहे. प्रवेशाचे नियम बदलावयाचे तर ते अर्ज मागविण्याच्या पुष्कळ आधीं, उघडपणें आणि विधिमंडळांत चर्चा करून बदलावे. चालू हंगामांत राजपत्राच्या एका पानानें नव्हे. सरकार ज्या मुलांचा खर्च भरून देण्यास बांधलेलें आहे तो वेळेवर भरावा, म्हणजे शाळाचालकास मुलाकडे थकलेली बाकी म्हणून पाहण्याचें कारण उरणार नाहीं. आणि ज्यास परत पाठवावयाचें आहे त्याच्या बाजूस न्याय आहे असें लिहिण्याची पाळी ज्या अधिकाऱ्यावर येईल, त्यानें तें वाक्य लिहून झाल्यावर पुढचा ‘परंतु’ लिहिण्यापूर्वीं १८५६ चा तो ठराव एकवार वाचावा.